बाळसे कुणी मोजायचे?

संध्याकाळी सातच्या सुमारास अंबरनाथ किंवा बदलापुरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात डोकावले तर एक दृश्य हमखास दिसते. वजनकाट्यावर उघडे बाळ हातपाय झाडत असते, त्यामुळे काट्यावरचा आकडा स्थिर होत नाही, आणि आई, बाबा, आजी तिघेही श्वास रोखून त्या आकड्याकडे पाहत असतात. शेवटी आकडा थांबतो. डॉक्टर म्हणतात, ‘वजन छान वाढतंय.’ आई सुटकेचा श्वास सोडते. आणि आजी म्हणते, ‘पण डॉक्टर, बाळसं काही धरत नाहीये हो.’

वजन आणि बाळसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजीला पुरेपूर ठाऊक असते. वजन काटा सांगतो, बाळसे डोळ्यांना दिसते. बाळाला काय, किती आणि केव्हा भरवायचे यावरून घरोघरी जे वाद होतात, त्यातले बहुतेक या दोहोंच्या मधल्या जागेत घडतात.

मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात तर सल्ल्यांची कमतरताच नाही. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर, कारखान्यांभोवती वाढलेले अंबरनाथ आणि मुंबईत घर परवडेनासे झालेल्यांनी भरत गेलेले बदलापूर. एकाच मजल्यावर खानदेशी, कोकणी, सिंधी आणि उत्तर भारतीय कुटुंबे राहतात. एक शेजारीण म्हणते चौथ्या महिन्यातच डाळीचे पाणी सुरू कर, दुसरी सांगते दुधात बिस्किट कुस्करून दे, तिसरीला मध चाटवल्याशिवाय राहवत नाही. सख्खी आजी गावी असते आणि ती व्हिडिओ कॉलवर बाळाचे दंड पाहून निदान करते. या सगळ्यात डॉक्टरांच्या कागदावरची ओळ अगदीच कोरडी वाटते: ‘सहा महिने फक्त आईचे दूध.’

मग प्रश्न विचारला जातो की आईच्या मनाचे ऐकायचे की डॉक्टरांचे. हा प्रश्नच जरा चुकीचा मांडलेला आहे. बाळाच्या आहाराबाबत दोन वेगळे प्रश्न असतात. ‘बाळात काही बदलले आहे का?’ हा एक, आणि ‘बाळाला पुरते आहे का?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चोवीस तास बाळाजवळ असणाऱ्या माणसाइतके चांगले कुणीच देऊ शकत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र तेच माणूस सहज फसते, कारण ते उत्तर रडण्यावरून काढले जाते.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत घरात सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘दूध पुरत नाही.’ जगभरात आया स्तनपान लवकर थांबवतात त्यामागचे एक मोठे कारण हेच. दूध खरोखर अपुरे असणे हे त्या मानाने बरेच विरळ. ते अपुरे आहे असे वाटणे मात्र सर्रास. पुराव्यादाखल सांगितले जाते ते असे: बाळ सारखे अंगावर मागते, संध्याकाळी तासन्‌तास रडते, पूर्वीसारखे पान्ह्याने स्तन घट्ट होत नाहीत, पंपाने काढले तर जेमतेम तळाला येते. यातली एकही गोष्ट दूध कमी असल्याचा पुरावा नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पिते. संध्याकाळी ते थोड्या थोड्या वेळाने मागते आणि किरकिरते. रडण्याचे प्रमाण साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते. स्तनांचा घट्टपणा कमी होतो तो शरीराने बाळाच्या मागणीशी मेळ घातल्यामुळे. आणि पंपाला पान्हा फुटत नाही, बाळाला फुटतो.

घोटाळा पुढे होतो. दूध पुरत नाही म्हणून रात्रीची एक वेळ वरचे दूध दिले जाते. बाळ शांत झोपते. सगळ्यांना वाटते, बघा, उपाशीच होते बिचारे. पण त्या रात्री आईच्या स्तनातले दूध तसेच राहते, आणि शरीराला निरोप जातो की इतक्या दुधाची गरज नाही. दूध तयार होण्याचा हिशेब साधा आहे: जितके काढले जाईल तितके बनेल. विहिरीसारखे हे काम चालते, उपसा थांबला की झराही मंदावतो. आठवडाभर वरची एक बाटली दिली की दूध खरोखर कमी होते आणि सुरुवातीला जी नुसती शंका होती ती खरी ठरते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प यांवर घरे बराच खर्च करतात. ते बाळंतिणीने जरूर खावे, तिला जास्तीचे अन्न लागतेच. पण दुधाला सर्वांत मोठी मागणी घालणारा घटक ते बाळ आहे, खिरीची वाटी नव्हे.

मग पुरते की नाही हे कळावे कसे? इथे काही आकडे घरातही मोजता येतात. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट अपेक्षितच धरली जाते आणि दोन आठवड्यांत ती भरून निघते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी व्हायला हवी. पहिल्या तीन महिन्यांत वजन रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅमने वाढते. हे जमत असेल तर बाळ कितीही रडो, दूध पुरते आहे. उन्हाळ्यात पाणी पाजायची घाईही नको: आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. मे महिन्यात बदलापूरचा पारा चाळिशीपार गेला तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळे पाणी लागत नाही, ते फक्त जास्त वेळा अंगावर मागेल.

पण हेही तितकेच खरे की कधीकधी दूध सचमुच पोहोचत नसते. बाळाने स्तन नीट तोंडात धरलेला नसतो, नुसत्या बोंडशीवर चोखत असते. बाळ दोन-तीन आठवडे आधी जन्मलेले असते, दिसते पूर्ण दिवसांचे पण चोखता चोखता झोपून जाते. कधी जिभेखालचा पडदा आखूड असतो. अशा वेळी ‘सगळ्याच आयांना असं वाटतं’ म्हणून तिची बोळवण करणे हा अन्यायच. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही लंगोट कोरडे राहत असतील, लघवीचा विटकरी डाग पडत असेल, कावीळ वाढत असेल किंवा बाळ पिण्यासाठी उठतच नसेल, तर त्याच दिवशी वजन करायलाच हवे. आणि सर्वांत आधी कुणीतरी जाणत्या माणसाने आई बाळाला कशी पाजते हे शेजारी बसून पाहायला हवे. मुंबईच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी गेली अनेक वर्षे हेच काम लावून धरले आहे. बाळ धरण्याची आणि स्तन तोंडात देण्याची नेमकी पद्धत, आईच्या बोटांची दिशासुद्धा, त्या आरोग्यसेविकांना शिकवतात. आयआयटी मुंबईच्या मदतीने मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्याचे व्हिडिओ झाले आहेत. बरेचदा दुखणे ‘दूध नाही’ याचे नसते, ‘पकड नाही’ याचे असते. पाच मिनिटांच्या तपासणीत हे डॉक्टरांना दिसेलच असे नाही. गर्दीच्या दवाखान्यात तर नाहीच.

आता पहिल्या प्रश्नाकडे, बदल ओळखण्याकडे. आईला वाटणाऱ्या काळजीला शास्त्रात स्थान मिळाल्याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे, अगदी दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. दवाखाना दूर, डॉक्टर नाही, रक्ततपासणी नाही. अशा ठिकाणी बाळाच्या अंगात जंतुसंसर्ग पसरतो आहे हे गावातल्या शिकवलेल्या बाईने ओळखायचे कसे? त्यांनी हजारो नोंदींतून सात लक्षणांची यादी काढली आणि त्यातली कोणतीही दोन एकत्र दिसली की उपचार सुरू करायचे असे ठरले. त्या यादीत बाळाचे चोखणे मंदावणे किंवा थांबणे आहे, रडणे क्षीण होणे आहे, हातपाय लुळे पडणे आहे. आणि एक लक्षण असे आहे: ‘बाळ हाताला गार लागते’ असे आईने सांगणे. थर्मामीटरचा आकडा तिथे मागितलेला नाही. आईच्या तळहाताची साक्ष निदानाच्या कसोटीत थेट घातलेली आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. पुढे या कामातूनच घरी भेट देऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत देशभर आली, आणि आज आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी येऊन वजन करतात, ‘अंगावर नीट पितं का?’ असे विचारतात, त्यामागे गडचिरोलीच्या त्या अंगणांतला अनुभव आहे.

म्हणून, कालपर्यंत नीट पिणाऱ्या बाळाने आज लागोपाठ दोन-तीन वेळा तोंड फिरवले, ते मलूल वाटले, उठवूनही नीट जागे होईना, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर कुणाच्या ‘काही होत नाही गं’वर विसंबून राहू नये. असे घरगुती औषध देत पाहण्यात रात्र घालवण्यापेक्षा डॉक्टरांचे दार वाजवलेले बरे. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात अंबरनाथ-बदलापूरच नव्हे तर मुरबाड-कर्जतपासून रुग्ण येतात. इतक्या लांबून निघायचे तर निघण्याचा निर्णय लवकर व्हायला हवा. आणि दवाखान्यात गेल्यावर ‘पीत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘काल संध्याकाळपासून फक्त दोनदा प्यायलं, रोज आठ-नऊ वेळा पितं’ असे सांगितले तर आईच्या मनातली शंका डॉक्टरांच्या भाषेत उतरते.

वैद्यकशास्त्राचा इतिहास पाहिला तर डॉक्टरांनीही आयांचे ऐकायला वेळ लावलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडचे डॉ. ट्रुबी किंग यांनी घड्याळ पाहून दर चार तासांनी पाजा, रात्री अजिबात पाजू नका, असा दंडक घालून दिला आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या सुशिक्षित आया तो पाळत राहिल्या. बाळ रडत असताना घड्याळाकडे पाहत बसलेल्या त्या बायकांचे मन त्यांना काय सांगत असेल? आज बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळ मागेल तेव्हा पाजा. म्हणजे निरक्षर आया जे पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या तेच. वरचे अन्न सुरू करण्याचे वय २००१ पर्यंत चार ते सहा महिने सांगितले जाई; मग जागतिक आरोग्य संघटनेने ते सहा महिने पूर्ण असे केले. शेंगदाण्याची गोष्ट तर आणखी गमतीची. ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे अशा बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितले. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ६४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि उलटेच दिसले: ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच नियमित शेंगदाणा मिळाला तर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचे प्रमाण ८१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही, त्यामुळे ही बंदी फारशी कुणी पाळलीच नाही. (अख्खा दाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक कूट पातळ करून द्यावे.)

यावरून कुणी असा अर्थ काढेल की डॉक्टर आज एक सांगतात, उद्या दुसरे, मग ऐकायचे कशाला. पण सल्ला बदलला तो कुणाच्या मनात आले म्हणून नव्हे; हजारो बाळे मोजून, वजने टिपून, चूक दिसली तेव्हा. शेजारणीच्या सल्ल्याला अशी चूक दाखवणारी वही नसते. तिची तीन मुले मध चाटून सुखरूप मोठी झाली, एवढाच तिचा पुरावा. एक वर्षाच्या आत मध देऊ नये असे सांगतात ते त्यातल्या क्वचित आढळणाऱ्या बोटुलिझमच्या जंतूंमुळे. हा आजार विरळ आहे म्हणूनच तीन मुलांच्या अनुभवात तो दिसत नाही. बाळगुटीचेही तसेच: हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून देणाऱ्या हातात माया असते यात शंका नाही, पण सहाण, पाणी आणि बोट यांतून पोटात जाणारे जंतू मायेला दिसत नाहीत. ग्राइप वॉटरचा तर उगमच १८५१ सालच्या इंग्लंडमधला. मूळ पाककृतीत मद्यार्क होता, बाळे शांत झोपत यात नवल नाही.

सहा महिन्यांनंतर वादाचा विषय बदलतो. मराठी घरांत उष्टावणाचा मुहूर्त मुलाचा सहाव्या किंवा आठव्या महिन्यात आणि मुलीचा पाचव्या किंवा सातव्यात, अशी जुनी रीत. डॉक्टर म्हणतात ‘सहा महिने पूर्ण’, घरात ऐकले जाते ‘सहावा लागला’. या एका शब्दात महिना निघून जातो. दुसऱ्या टोकाला अशीही घरे आहेत जिथे ‘अजून दात कुठे आलेत’ म्हणत आठवा-नववा महिना उजाडतो. ही दिरंगाई घाईपेक्षा जास्त महागात पडते. सहा महिन्यांनंतर आईचे दूध उत्तमच असते, पण एकटे पुरत नाही, आणि जन्मतःच मिळालेला लोहाचा साठाही एव्हाना संपत आलेला असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिन्यांखालच्या ७१ टक्के बाळांना निव्वळ आईचे दूध मिळत असल्याचे दिसले. ही चांगली बातमी. पण त्याच पाहणीत देशभरातील ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले होती अवघी ११.३ टक्के. आणि पाच वर्षांखालच्या दर तीनपैकी दोन मुलांना रक्तक्षय होता. म्हणजे आपण अडखळतो ते दुधापाशी कमी, घासापाशी जास्त.

त्याचे एक कारण वाटीत दिसते. डाळीचे पाणी, भाताची पेज, भाज्यांचे सूप. पचायला हलके म्हणून हे पातळ पदार्थ प्रेमाने भरवले जातात. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिलिलिटर मावते. तेवढ्या जागेत डाळीचे पाणी भरले तर जागा भरते, पोट नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून लागतात, वर्षाच्या आसपास ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५०. ते पाण्यातून येत नाहीत. डॉक्टर एक साधी खूण सांगतात: चमचा तिरपा केला तर घास ओघळता कामा नये. वरणावरचे पाणी नको, खालची डाळच हवी; गुरगुट्या भातात कुस्करलेली, वर चमचाभर तूप घातलेली. मीठ-साखर वर्षभर नको. अंडे चालते, तेही सहा महिन्यांनंतर लगेच. ज्या घरांत मासे-मटण खाल्ले जाते तिथे तेही मऊ शिजवून, काटे काढून द्यावे, लोहासाठी त्याइतके चांगले काही नाही. उल्हासनगरच्या सिंधी घरांत पालक, हरभऱ्याची डाळ आणि भाज्या एकत्र घोटून साई भाजी करतात. तिखट-मीठ घालण्याआधी त्यातली वाटीभर बाजूला काढून भाताबरोबर भरवली तर बाजारातल्या कोणत्याही डब्यापेक्षा ती सरस ठरेल.

आणि इथे आजीचे एक ज्ञान शास्त्राने अक्षरशः डोक्यावर घेतले आहे. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून, किंचित भाजून दळायची. मोड आल्यावर नाचणीत स्टार्च तोडणारे विकर तयार होते. त्यामुळे दाट खीर सैल होते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी ऐंशीच्या दशकात यावर बरेच काम केले. मोड आलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घट्ट लापशीत घातले की ती पातळ होते, तिच्यातले पोषण मात्र तसेच राहते. पेज पातळ करायला पाणी घालण्यापेक्षा ही युक्ती किती चांगली! अट एकच, पीठ गाळून त्याचा नुसता पांढरा भाग घेऊ नये.

आता ‘किती’ हा प्रश्न उरतो आणि घरातली खरी लढाई इथेच होते. मोबाइलवर गाणे लावून, चिऊ-काऊ दाखवून, नाक दाबून, पाठीमागे वाटी घेऊन धावत भरवणे. अमेरिकेत १९२६ पासून डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकत्याच आईच्या दुधावरून उतरलेल्या १५ बाळांवर एक अजब निरीक्षण केले. त्यांच्यापुढे ३४ साधे, ताजे पदार्थ आलटून-पालटून मांडले जात. दाईंना सक्त सूचना होती की बाळ बोट दाखवील तेच द्यायचे, आग्रह करायचा नाही, कौतुकही नाही. बाळांनी कधी एका दिवशी नुसती अंडीच खाल्ली, कधी केळ्यांवर ताव मारला. पण महिन्यांच्या हिशेबात सगळी सुदृढ वाढली. एका मुडदूस झालेल्या बाळाने तर बरे होईपर्यंत माशाचे तेल आपणहून घेतले आणि नंतर सोडून दिले. या प्रयोगावरून ‘बाळाला सगळे कळते’ असे म्हणणारे एक मेख विसरतात: त्या ताटांत बिस्किट नव्हते, साखर नव्हती, वेफर्स नव्हते. काय मांडायचे हे मोठ्यांनी ठरवले होते. किती खायचे हे बाळाने. बालरोगतज्ज्ञ आज जे सांगतात त्याचा गाभा हाच आहे. काय आणि केव्हा हे आपले काम. तोंड फिरवले, जिभेने घास बाहेर ढकलला, की त्या वेळचे ‘किती’ संपले.

हे पटायला अवघड जाते ते आणखी एका कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मुलगी जन्मतः सरासरी ३.२ किलोची, सहा महिन्यांची ७.३ किलोची आणि वर्षाची ८.९ किलोची असते. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत चार किलोंहून अधिक वाढ आणि पुढच्या सहामध्ये जेमतेम दीड-पावणेदोन किलो. वाढ मंदावते, रांगणे सुरू होते, बाळसे उतरते. नेमक्या याच वेळी आपण घास भरवायला लागलेलो असतो, त्यामुळे दोष घासाला किंवा भरवणाऱ्याला लागतो. शिवाय सरासरी म्हणजे पास होण्याची रेषा नव्हे: सहा महिन्यांची मुलगी ५.७ किलोची असली काय नि ९.३ किलोची असली काय, दोन्ही तक्त्याच्या सामान्य पट्ट्यातच येतात. पाहायचे ते एवढेच की बाळ स्वतःच्या रेषेला धरून वर चालले आहे की रेषा सोडून खाली घसरते आहे. त्यासाठी एकाच काट्यावर, उघड्या अंगाने वजन करावे. भिजलेला लंगोट सहज शंभर ग्रॅमचा असतो आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होऊ शकतो.

गुटगुटीतपणाच्या हौसेबद्दल पुण्याहून एक सावधगिरीचा इशारा आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळे आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे यांची तुलना केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. पण फरक होता तो मुख्यतः स्नायूंत आणि अवयवांत. त्वचेखालची चरबी आपल्या बाळांनी बरीचशी राखलेली होती. काडीसारखे दिसणारे बाळ आतून मात्र चरबी जपणारे. पुढे बालपणात अशा मुलांवर झपाट्याने चरबी चढली तर तरुणपणी मधुमेहाचा धोका वाढतो, हे दिल्लीतल्या दीर्घ अभ्यासानेही दाखवले आहे. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत डाळ-अंडे-भाजी देऊन उंची आणि स्नायू वाढवणे हिताचे. बिस्किटांनी गाल भरणे नव्हे.

हे सगळे जमवायचे कुणी, हा प्रश्न या तीन शहरांत फार खरा आहे. बदलापूर मुंबईच्या सीएसएमटी स्थानकापासून सुमारे ६८ किलोमीटर. लोकलचे जाणे-येणे धरून नोकरी करणारी आई अकरा-बारा तास घराबाहेर असते. २०१७ पासून कायद्याने पगारी मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर हातात अठराच उरतात आणि सहा महिन्यांचा सल्ला चौथ्यातच अडखळतो. उल्हासनगरात घरी बसून जीन्सचे धागे कापणाऱ्या बाईला तर रजाच नाही. ती बाळाजवळ असते पण हात मोकळा नसतो. अशा घरांत ‘फक्त आईचे दूध’ ही ओळ लिहून डॉक्टरांचे काम संपत नाही. दूध काढून ठेवता येते, हे करून दाखवावे लागते.

स्वच्छ हातांनी, उकळून घेतलेल्या वाटीत काढलेले दूध गारव्यात साधारण चार तास टिकते, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवले तर चार दिवसांपर्यंत. ऑफिसात काढलेले दूध बर्फाच्या पिशवीसह डब्यात घालून लोकलने घरी आणता येते. बाळाला ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा जुन्या चांदीच्या बोंडल्याने पाजावे. गरम करायचे तर वाटी कोमट पाण्यात धरावी, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. फ्रीजमधून काढल्यावर त्यावर पिवळसर थर आलेला दिसतो आणि दूध फाटले समजून ते ओतून दिले जाते. तो थर स्निग्धांशाचा असतो. भांडे हलकेच गोल फिरवले की तो पुन्हा दुधात मिसळतो.